चार वर्षांची ऑनर्स पदवी : १६० श्रेयांकांचा हिशेब आणि सहाव्या सत्राची चाळणी

नवी दिल्ली : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी शिक्षणाची नवी रचना लागू होऊ लागल्यापासून ‘ऑनर्स’ हा शब्द प्रवेशाच्या माहितीपत्रकांपासून पदवी प्रमाणपत्रांपर्यंत सर्वत्र दिसू लागला आहे. तीन वर्षांऐवजी चार वर्षे महाविद्यालयात काढली की ऑनर्स पदवी मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नव्या रचनेत ऑनर्सचे दोन प्रकार आहेत. ‘ऑनर्स’ आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ या दोन्ही पदव्या चार वर्षांच्याच असल्या, तरी दुसऱ्या पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांतील गुणांची अट आहे. प्रवेशाच्या दिवशी या अटीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लक्ष जाते तेव्हा बहुधा पाचवे सत्र उलटून गेलेले असते आणि सरासरी सुधारण्यास पुरेसा अवधी उरलेला नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा जाहीर केला. देशातील बहुतेक विद्यापीठांचे सध्याचे नियम या आराखड्यावर आधारलेले आहेत. विद्यापीठांना तपशिलात फेरबदल करण्याची मुभा असल्याने आकडे थोडेफार बदलतात. चौकट मात्र तीच आहे.

एक शब्द, अनेक अर्थ

‘ऑनर्स’ हा शब्द भारतीय विद्यापीठांना नवा नाही. कोलकाता आणि दिल्ली येथे एका विषयाचा सखोल अभ्यास करणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ‘ऑनर्स’ म्हणून, तर अनेक विषयांचा सर्वसाधारण अभ्यासक्रम ‘पास कोर्स’ म्हणून ओळखला जात असे. पुणे विद्यापीठाच्या परिसरात वाढलेल्यांच्या तोंडी हा शब्द कधी फारसा रुळला नाही. तेथे ‘मराठी स्पेशल’, ‘अर्थशास्त्र स्पेशल’ असे म्हटले जाई आणि उरलेले विषय ‘जनरल’ असत. त्यामुळे दिल्लीत शिकलेल्या मराठी कुटुंबात आई-वडिलांची ऑनर्स पदवी तीन वर्षांची आणि मुलांची चार वर्षांची, असे चित्र आता दिसते. दोन्ही पदव्या आपापल्या काळातील नियमांनुसार वैध आहेत. त्यांची एकमेकींशी तुलना मात्र होऊ शकत नाही.

दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांचा प्रयोग याआधीही करून पाहिला होता. २०१३ मध्ये सुरू झालेला तो अभ्यासक्रम मोठ्या विरोधानंतर आणि आयोगाच्या निर्देशानंतर जून २०१४ मध्ये मागे घेण्यात आला. एका वर्षात गुंडाळलेल्या त्या प्रयोगाची आठवण आजही तेथील अध्यापकवर्गात ताजी आहे आणि चौथ्या वर्षाविषयीच्या साशंकतेला तीही काही अंशी कारणीभूत आहे.

अभियांत्रिकीतील ऑनर्सचा या चर्चेशी थेट संबंध नाही. तेथे पदवी मुळातच चार वर्षांची असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या चौकटीत ठरलेल्या श्रेयांकांव्यतिरिक्त साधारण १८ ते २० श्रेयांक अधिक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ऑनर्स दिले जाते. म्हणजेच अभियांत्रिकीत ऑनर्स मिळते ते त्याच चार वर्षांतील जादा अभ्यासाबद्दल, तर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत ते मिळते पूर्ण एका जादा वर्षाबद्दल. माहितीपत्रक वाचताना हा फरक ध्यानात न घेतल्यास गोंधळ ठरलेलाच.

श्रेयांकांची मोजणी

नव्या रचनेचे एकक श्रेयांक हे आहे. विद्यार्थी ज्याला सरसकट ‘क्रेडिट’ म्हणतात तेच हे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान, म्हणजे एकूण १५ तास, याचा एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याच्या बाबतीत त्याच एका श्रेयांकासाठी ३० तास द्यावे लागतात. एका सत्राला सरासरी २० श्रेयांक धरले, तर वर्षाला ४०, तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० होतात. आयोगाच्या आराखड्यानुसार १२० श्रेयांकांवर तीन वर्षांची पदवी आणि १६० श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते.

तथापि १६० ही बेरीज कशीही जुळवून चालत नाही. त्यातील ८० श्रेयांक मुख्य विषयाचे, म्हणजे ‘मेजर’चे, असावे लागतात. दुय्यम विषयांसाठी, म्हणजे ‘मायनर’साठी, ३२ श्रेयांक आहेत. आंतरविद्याशाखीय विषयांना ९, भाषा व संवादकौशल्याच्या अभ्यासाला ८, कौशल्यविकासाला ९ आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना ६ ते ८ श्रेयांक दिलेले आहेत. उन्हाळी आंतरवासितेचे २ ते ४ आणि चौथ्या वर्षातील शोधप्रकल्पाचे १२ श्रेयांक धरले की हिशेब पूर्ण होतो. विद्यार्थ्याने मुख्य विषयात कितीही उत्तम कामगिरी केली, तरी मूल्यवर्धित अभ्यासक्रमाचे दोन श्रेयांक राहिले असतील, तर पदवी अडकते. छोट्या श्रेयांकांचे विषय विद्यार्थी हलके समजतात. पदवीच्या अटींत मात्र त्यांचे स्थान मुख्य विषयाइतकेच पक्के आहे.

दोन मुख्य विषय घेऊन पदवी मिळवू इच्छिणाऱ्यांना दुसऱ्या विषयातही किमान ४० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. चार वर्षांच्या पदवीत हा आकडा ६४ होतो.

या हिशेबातून चौथ्या वर्षाचे स्वरूपही स्पष्ट होते. त्या वर्षीच्या ४० श्रेयांकांपैकी २० मुख्य विषयाचे, ८ दुय्यम विषयाचे आणि १२ शोधप्रकल्पाचे असतात. संशोधनाची वाट न घेणारा विद्यार्थी या १२ श्रेयांकांच्या जागी तीन प्रगत अभ्यासक्रम पूर्ण करतो. दोन प्रकारच्या ऑनर्समधील अंतर एवढेच आहे : १६० पैकी १२ श्रेयांक. कागदावर हे अंतर किरकोळ भासते. प्रत्यक्षात एका बाजूला वर्गात बसून दिलेल्या तीन परीक्षा आहेत आणि दुसऱ्या बाजूला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतः प्रश्न शोधून, सामग्री जमवून, निष्कर्ष मांडून लिहिलेला शोधप्रबंध आहे. या कामाचे फलित संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध करता येईल किंवा परिषदेत मांडता येईल, असे आराखड्यात म्हटले आहे. ती शक्यता आहे, अट नव्हे. शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याशिवाय ऑनर्स मिळत नाही, ही विद्यार्थ्यांमध्ये फिरणारी माहिती निराधार आहे.

साडेसातची रेषा

संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. श्रेणीपद्धतीत ही अट १० पैकी ७.५ सरासरी श्रेणीगुण अशी व्यक्त केली जाते. केवळ ऑनर्स पदवीसाठी, म्हणजे संशोधनाशिवाय चौथे वर्ष करण्यासाठी, आयोगाच्या आराखड्यात अशी गुणमर्यादा नाही.

या रेषेचा अर्थ नीट कळण्यासाठी श्रेणींचा विचार करावा लागतो. आराखड्यात ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७ आणि ‘बी’ला ६ गुण आहेत. ‘सी’ला ५ आणि काठावर उत्तीर्ण होणाऱ्याच्या ‘पी’ श्रेणीला ४ गुण मिळतात. साडेसातची सरासरी म्हणजे निम्म्या अभ्यासक्रमांत ‘ए’ आणि निम्म्यांत ‘बी प्लस’. एखाद्या विषयात ‘पी’ मिळाली, तर तिची भरपाई करण्यास तेवढ्याच श्रेयांकांच्या एका विषयात ‘ओ’ मिळवूनही भागत नाही, कारण त्या दोहोंची सरासरी सातच होते.

सरासरी श्रेयांकांच्या प्रमाणात काढली जाते आणि मागील सत्रे पुसली जात नाहीत. समजा, चार सत्रांच्या अखेरीस, म्हणजे ८० श्रेयांकांवर, एखाद्या विद्यार्थिनीची सरासरी ७.१ आहे. सहाव्या सत्राअखेर ती ७.५ व्हायची असेल, तर उरलेल्या ४० श्रेयांकांत तिला ८.३ ची सरासरी राखावी लागेल. बहुतेक विषयांत ‘ए’ आणि काहींत ‘ए प्लस’ मिळविल्यास हे साधण्याजोगे आहे. पाच सत्रांच्या अखेरीस ती ७.३ वर असेल, तर एकट्या सहाव्या सत्रात ८.५ लागतील. ती पहिल्या वर्षी ७ च्या आसपास राहिली असती, तरी सुधारणेला चार सत्रे मिळाली असती. म्हणूनच संशोधनाकडे जाण्याचा निर्णय तिसऱ्या वर्षी होत असला, तरी त्याची तयारी पहिल्या सत्रापासूनच करावी लागते. बारावीनंतर नव्या शहरात, नव्या भाषेत शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांचे पहिले सत्र बहुधा सर्वात कमकुवत असते. त्यांच्यासाठी ही अट सर्वात जाचक ठरते.

टक्केवारी आणि श्रेणीगुण यांचे परस्पर रूपांतर सर्व विद्यापीठांत एकाच सूत्राने होत नाही. त्यामुळे ७५ टक्के म्हणजे नेमके किती श्रेणीगुण, हे आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा नियमावलीतच पाहणे इष्ट.

विद्यार्थी पात्र, पण विभाग?

गुणांची अट विद्यार्थ्याच्या हाती आहे. दुसरी अट त्याच्या हाती नाही. संशोधनासह ऑनर्स चालविण्यासाठी विभागाकडे ग्रंथालय, संशोधन नियतकालिके, संगणक व प्रयोगशाळा यांची पुरेशी सोय असावी आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम अध्यापक असावेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. ज्या विभागांना आधीपासून पीएच.डी. संशोधन केंद्राची मान्यता आहे, त्यांची वाट सोपी आहे.

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात अनेक विषयांना मुळात दोनच अध्यापक असतात आणि त्यातील एक तासिका तत्त्वावर असतो. अशा विभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्याची सरासरी ८.५ असली, तरी संशोधनासह ऑनर्ससाठी त्याला जवळच्या शहरातील दुसऱ्या संस्थेचा विचार करावा लागेल. राहण्याचा व जेवणाचा एका वर्षाचा खर्च हा त्याच्यासाठी पदवीच्या नियमांइतकाच खरा प्रश्न आहे. चार वर्षांच्या रचनेवर होणाऱ्या टीकेत हा मुद्दा वारंवार येतो आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही.

संस्था बदलताना श्रेयांक वाया जाऊ नयेत, यासाठी २०२१ च्या नियमांनुसार शैक्षणिक श्रेयांक पेढी अस्तित्वात आली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे तेथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. मात्र ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तेथे किमान ५० टक्के श्रेयांक मिळविलेले असावेत, अशी अट त्या नियमांत आहे. तीन वर्षे एका विद्यापीठात शिकून केवळ चौथ्या वर्षासाठी दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्याने म्हणूनच पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नावे मिळणार, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठे देऊ शकतात. लहान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना दुय्यम विषयांसाठी तिचा उपयोग होतो. शोधप्रकल्पासाठी होत नाही.

मध्येच थांबलेल्यांसाठी

पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी उन्हाळी सुटीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, असा दंडक आहे. घरच्या अडचणीमुळे किंवा विवाहामुळे शिक्षण तुटलेल्या विद्यार्थिनींसाठी ही तरतूद मोलाची आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती गुणपत्रिकांपलीकडे काही उरत नसे.

राज्ये बदलली की आकडे बदलतात

कर्नाटक आणि मध्य प्रदेश या राज्यांनी २०२१-२२ मध्येच चार वर्षांची रचना स्वीकारली. इंदूर किंवा उज्जैन येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना चौथे वर्ष त्यामुळे इतरांच्या आधी परिचयाचे झाले. कर्नाटकाने मात्र पुढे माघार घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शैक्षणिक धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर तेथे २०२४-२५ पासून तीन वर्षांची पदवी पुन्हा लागू झाली. बेळगावच्या महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी आणि काही तासांच्या अंतरावरील कोल्हापूरचा विद्यार्थी आज वेगवेगळ्या रचनांत शिकत आहेत. केरळने राष्ट्रीय धोरणावर आक्षेप घेतले, तरी २०२४-२५ पासून स्वतःच्या पद्धतीने चार वर्षांची पदवी सुरू केली. तेथे तीन वर्षांसाठी १३३ आणि ऑनर्ससाठी १७७ श्रेयांक आहेत.

दिल्ली विद्यापीठाचा हिशेब १३२ आणि १७६ असा आहे. शिवाय नावांचाही घोळ आहे. एकाच मुख्य विषयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण करणाऱ्यालाही तेथे ‘ऑनर्स’ म्हटले जाते, तर चौथ्या वर्षानंतर शोधप्रबंध, शैक्षणिक प्रकल्प किंवा उद्योजकता यांपैकी निवडलेल्या वाटेचे नाव पदवीला जोडले जाते. २०२२ मध्ये नव्या रचनेत दाखल झालेली तेथील पहिली तुकडी २०२५-२६ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचली.

महाराष्ट्रात शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांकांची मर्यादा आखून दिली. भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग असे स्वतंत्र घटक राज्याच्या आराखड्यात आहेत. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून, तर संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्यानुसार संलग्नित महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात जाईल. म्हणजे राज्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांसमोर साडेसातची रेषा प्रत्यक्षात अजून यायची आहे आणि ती गाठण्यासाठी त्यांच्या हाती काही सत्रे शिल्लक आहेत. गोवा विद्यापीठाने चार वर्षांची रचना २०२३-२४ पासून स्वीकारली.

चौथ्या वर्षाचे मोल कशात

नागरी सेवा परीक्षा, तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम किंवा बी.एड. यांसाठी तीन वर्षांची पदवी आजही पुरते. त्या वाटेने जाणाऱ्याने केवळ नावापुढे ऑनर्स हवे म्हणून एक वर्ष खर्च करावे का, याचा विचार आधी करावा. उच्च शिक्षण आणि संशोधन यांकडे वळणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. जून २०२४ मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या पदव्युत्तर आराखड्यानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते. तीन वर्षांची पदवी असलेल्यांना पूर्वीप्रमाणे दोन वर्षे लागतात. दोन्ही मार्गांनी एकूण वर्षे पाचच होतात. फरक एवढाच की, एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या विषयात, आपल्या विद्यापीठात उपलब्ध असला पाहिजे.

पीएच.डी.बाबत नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी मोठा बदल केला. चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यास पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी. प्रवेशासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती व जमाती, इतर मागासवर्गातील उन्नत स्तराबाहेरील उमेदवार, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. या नियमात ‘संशोधनासह ऑनर्स’ असा शब्दप्रयोग नाही; चार वर्षांची पदवी एवढेच म्हटले आहे. म्हणजे सहाव्या सत्राअखेर साडेसातची रेषा थोडक्यात हुकलेली, परंतु साध्या ऑनर्सच्या चौथ्या वर्षात चांगली कामगिरी करून एकूण ७५ टक्क्यांवर गेलेली विद्यार्थिनीही आयोगाच्या नियमानुसार पात्र ठरते. आधीच्या उदाहरणातील विद्यार्थिनी सहा सत्रांनंतर ७.४ वर थांबली असेल, तर शेवटच्या ४० श्रेयांकांत ७.८ ची सरासरी तिला एकूण ७.५ वर नेते. प्रवेशपरीक्षा व मुलाखतीत शोधप्रबंध लिहिलेला उमेदवार अधिक तयारीचा दिसणार, हे उघड आहे. तथापि तो स्पर्धेचा भाग झाला, पात्रतेचा नव्हे.

राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, म्हणजे ‘नेट’ला, जून २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीचे विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशासाठी बसू शकतात. ज्या विषयात पीएच.डी. करायची आहे तो विषय त्यांना परीक्षेसाठी निवडता येतो, मग पदवी कोणत्याही विषयाची असो. सहायक प्राध्यापक पदासाठी मात्र आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. ऑनर्सनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्या आणि पुढे महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नोंदणीपूर्वी ही नियमावली व तिच्यातील सुधारणा पाहून घ्याव्यात, तसेच आपल्या श्रेयांक पेढीच्या खात्यावर आठही सत्रांचे श्रेयांक जमा झाले आहेत की नाहीत, याची खातरजमा करावी.